जुन्या टोपोशीटवरून धनगरवाडे, गायरानं शोधायची आहेत

पन्हाळ्याच्या पश्चिमेकडची गायरानं, धनगरवाडे बघायचेत. सुरुवात कुठून करू?

— एक इंचाला एक मैलवाली जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा घ्या, पन्हाळा ४७ एल/१ क्रमांकाच्या शीटमध्ये येतो. रंगीत शीटवर पिवळा म्हणजे लागवड, लाल भरीव चौकोन म्हणजे कायमची घरं. क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) शीट जागेवर बसवायला निदान सहा ओळखीचे बिंदू लावा: देऊळ, बुरूज, त्रिकोणमितीचा दगड. नदीकाठ नको, पात्र सरकतं. जुनी शीट एव्हरेस्ट डेटमवर असते, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा जुना आधार, जीपीएसचा वेगळा. तशीच जीपीएसवर टाकलीत तर शे-दोनशे मीटर चुकाल, म्हणजे वाडा सोडून ओढ्यात!

— पण गायरानाची हद्द टोपोशीटवर मिळत नाही हो. त्याला गावनकाशा आणि सातबाराच लागतो, नकाशासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, सातबारा तलाठ्याकडे. १९४९ पर्यंत इथं कोल्हापूर संस्थान होतं, त्यामुळे जुने कागद मोडी लिपीत असतील.

— पावसाळ्यापुरत्या झोपड्या शीटवर असतीलच असं नाही. त्या शोधायला पाणवठा आणि पायवाट बघा.