आत्मसन्मान वाढवणाऱ्या पुस्तकांचा आणि शिबिरांचा तुम्हाला खरोखर उपयोग झाला का? (अनुभव धागा)

धरमपेठकरीण

मार्च अर्धा सरला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. आमचाही परवा माळ्यावरून उतरवला आणि त्याच्यामागे माझी २००९ सालची एक दोनशे पानी वही सापडली. पहिल्या पानावर लाल शाईने "दिवस १" असे लिहिलेले आहे आणि त्याखाली मोजून एकवीस वेळा एकच ओळ आहे : "मी समर्थ आहे, मी सुंदर आहे, मला यश मिळणारच आहे." त्या वर्षी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली होती आणि घरी आलेल्या पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे घेऊन जायलासुद्धा माझा पाय उचलत नव्हता. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून साठ रुपयांना आणलेल्या एका पुस्तकाने सांगितले होते, की ही ओळ एकवीस दिवस रोज लिहावी आणि लिहून झाल्यावर आरशासमोर उभे राहून मोठ्याने म्हणावी, म्हणजे तशी सवय लागते. आई देवघरातून विचारायची, "काहून वं, आरशाशी काय बोलून राहिली तू?"

अकराव्या दिवसानंतर वही कोरी आहे. मी का थांबले ते मला स्पष्ट आठवते. "मी समर्थ आहे" म्हटले की आतून कोणीतरी पुरावा मागायचे, आणि ज्यांत माझे नाव नव्हते अशा दोन निकालांखेरीज माझ्याजवळ दाखवायला काहीच नसायचे. पुस्तक चुकीचे होते की मीच आळशी होते, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. ज्यांनी अशी पुस्तके, शिबिरे किंवा मोबाईलवरची अ‍ॅप मनापासून वापरून पाहिली असतील, त्यांनी आपला खरा अनुभव लिहावा, अशी विनंती आहे.

तर्रीपोहे

ताई, एकवीस दिवसांचे मूळ मला ठाऊक आहे, म्हणून आधी तेच लिहितो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांना दिसले आणि १९६० साली त्यांनी ते आपल्या पुस्तकात लिहिले. त्यातला "किमान" हा शब्द पुढे वाटेतच गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे निघाले; कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज आला. तुम्ही अकराव्या दिवशी थांबलात म्हणजे फार काही बिघडवले नाहीत. आमच्याकडे तर पहिल्याच दिवशी बायकोने आरसा मागितला होता.

फोनची भीती

माझा अनुभव चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मला लहानपणापासून बोलताना अडखळायला होते. सरकारी कार्यालयात लागल्यावर टेबलावरचा फोन वाजला, की मी फाईल घेऊन उठायचो आणि शेजारचे सहकारी तो उचलायचे. ही युक्ती मी चार वर्षे चालवली. मग एका मित्राने डेव्हिड बर्न्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या १९८० सालच्या पुस्तकातली एक पद्धत कागदावर उतरवून दिली. पानाचे तीन उभे रकाने करायचे. पहिल्यात मनात आलेला विचार जसाच्या तसा लिहायचा, दुसऱ्यात त्या विचारातली खोट लिहायची आणि तिसऱ्यात तर्काला धरून त्याचे उत्तर द्यायचे.

माझी पहिली नोंद अजून माझ्याजवळ आहे. "मी अडखळलो तर समोरचा मला मूर्ख समजेल." खोट : दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते, असे धरून चालणे. उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. शेवटी लिहिले ते असे : "काल पाणीपट्टीसाठी ज्यांचा फोन आला, ते स्वतःच दोनदा चुकले, आणि मी त्यांना मूर्ख समजलो नाही." या वाक्यात माझी स्तुती कुठेच नाही, तरीही दुसऱ्या दिवशी मी फोन उचलला. अडखळणे आजही आहे, पण उठून जाणे थांबले आहे.

फळीवाला

मी शिबिरवाला आहे. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या सभागृहात तीन दिवस, अकरा हजार रुपये, जेवण त्यातच. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपली सर्वांत मोठी भीती एका लाकडी फळीवर लिहायची आणि हाताच्या एका फटक्यात ती फोडायची असा कार्यक्रम होता. माझी फळी फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी रडलो, आणि खोटे कशाला सांगू, त्या रात्री घरी परतताना गाडी चालवीत होतो तेव्हा वाटले, की आता या शहरात मला अशक्य असे काही उरलेले नाही. ही अवस्था मंगळवारपर्यंत टिकली. बुधवारी शिबिरवाल्यांचा फोन आला, की तुमच्यातला बदल पक्का करायचा असेल तर दुसरा टप्पा आवश्यक आहे आणि त्याचे पंचेचाळीस हजार होतील. मी नाही म्हणालो तेव्हा पलीकडून उत्तर आले, "पाहा, हीच तुमची जुनी भीती बोलते आहे." या वाक्यातून सुटायला मला फळीपेक्षा जास्त जोर लावावा लागला.

अर्धी फळी अजून घरी आहे. कूलर डुगडुगतो, म्हणून त्याच्या पायाखाली घातली आहे.

तर्रीपोहे

फळीवाले दादा, अकरा हजारांची ही पाचर नागपुरातली सर्वांत महाग पाचर असेल.

निवृत्त मास्तरीण

मी बी.एड.च्या मुलांना शिकवीत होते. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली तयार केलेली आत्मसन्मानाची मापनपट्टी आजही जगभर वापरली जाते. त्यात दहाच विधाने आहेत, पाच सुलट आणि पाच उलट, आणि गुण शून्य ते तीस या दरम्यान येतात. दरवर्षी मी ती वर्गात भरून घेत असे. एका वर्षी, इतरांच्या बरोबरीने आपल्यालाही मोल आहे या अर्थाच्या विधानापाशी एक मुलगी पेन्सिल ठेवून बसली आणि तिने विचारले, "मॅडम, इतर म्हणजे कोण? माझ्या गावातल्या मुली की या वर्गातल्या?" ती गडचिरोलीकडून आलेली होती. गावात ती सर्वांत शिकलेली होती आणि आमच्या वर्गात, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, सर्वांत मागासलेली. मी तिला दोनदा भरायला सांगितले, एकदा गाव मनात धरून आणि एकदा वर्ग मनात धरून. दोन्ही बेरजांत बरेच अंतर पडले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये आत्मसन्मान हा चक्क अपूर्णांकाच्या रूपात मांडला होता : वर यश, खाली अपेक्षा. बाजारातली बहुतेक पुस्तके फक्त अंश वाढवायला सांगतात. छेद आपल्या हाती कोणी दिला, तो आपला आहे की शेजाऱ्याचा, हे विचारायला ती शिकवीत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

आणखी एक सांगते. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी समितीच नेमली होती. गुन्हेगारी आणि व्यसने त्यामुळे कमी होतील, अशी आशा होती. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान वाढवल्याने शाळेतले गुण वाढतात, असे काही निघाले नाही. उलट चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान वाढतो, असे मानायला अधिक आधार मिळाला. गणित जमत नसलेल्या मुलाला "तू हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा एक उदाहरण त्याच्याकडून पूर्ण सोडवून घ्यावे, हे आम्ही जुने शिक्षक अनुभवाने करीत होतो.

गिरणीकामगाराचा नातू

मास्तरीणबाईंनी छेदाविषयी जे लिहिले आहे, त्यावरून मला माझे आजोबा आठवले. ते एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवरच्या गर्दीत उभे होते. कोणी नाव विचारले, तर आडनाव गिळून टाकायची सवय त्यांना तरुणपणी होती, असे आजी सांगायची. दीक्षेनंतर ती मोडली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. आजोबांना अक्षरे जुळवून जेमतेम वाचता यायचे, तरी ते न चुकता दोन-तीन पुस्तिका घ्यायचे, पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि संध्याकाळी मला मोठ्याने वाचायला लावायचे. एखादी ओळ आवडली की त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हे पुन्हा वाच."

पुस्तकाने आत्मसन्मान वाढतो का, या प्रश्नाला मी म्हणूनच नकार देऊ शकत नाही, कारण तो वाढलेला मी घरात पाहिला आहे. फरक एवढाच आहे, की त्या पुस्तिका एकट्या माणसाला आरशासमोर उभे करीत नव्हत्या. तुझ्या वाट्याला आलेला कमीपणा तुझ्या स्वभावातला दोष नसून तो तुझ्यावर लादला गेला आहे, असे त्या सांगत होत्या, आणि ते वाचणारे आजूबाजूला लाखो होते. अलीकडे एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानात वक्ते म्हणाले, की गरिबी ही केवळ मनाची अवस्था आहे. मी चहाची वाट न पाहता उठून आलो.

खामल्यातील समुपदेशक

धरमपेठकरीण ताई, आपण आळशी नव्हता. ज्या वर्षी आपण वही बंद केलीत, नेमके त्याच वर्षी, २००९ मध्ये, कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" अशा अर्थाचे वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावले, तेव्हा ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांचा कमी होता, त्यांना मात्र ते न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटले. न पटणारे वाक्य म्हटले की मन त्याच्या विरुद्धचा साक्षीपुरावा गोळा करू लागते. आपल्याकडे पुरावा मागणारे "कोणीतरी" ते हेच होते.

पण म्हणून सगळी स्वयंमदत फोल ठरत नाही. बर्न्स यांचे पुस्तक सौम्य आणि मध्यम नैराश्य असलेल्या लोकांना वाचायला देऊन अलाबामा विद्यापीठाच्या फॉरेस्ट स्कोगिन यांनी प्रयोग केले आणि पुष्कळांना त्याचा फायदा झाला. माझ्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की वाचणाऱ्यांना दर आठवड्याला थोडा वेळ फोन जात असे. पुस्तक एकच असले तरी ते वाचताना कोणाची तरी सोबत असली, तर ते तडीस जाण्याची शक्यता वाढते, असे मला कामातही दिसते. याउलट ज्यांची झोप आणि भूक गेली आहे, किंवा जगूच नये असे विचार ज्यांच्या मनात येतात, त्यांनी पुस्तकावर थांबू नये; टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे मत याहून पुढचे होते : कृतीला गुण द्या, पण स्वतःला गुण देणेच बंद करा. हा विचार किशोर फडके यांनी मराठीत पोचवला. हे मत पचायला जड आहे, आणि मला स्वतःला ते अजून अर्धेच पचले आहे.

मानेवाड्याची सून

सर्वांचे वाचले, पोळ्या करता करता लिहिते आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. माझ्या मोबाईलमधले अ‍ॅप रोज सकाळी "तुम्ही अद्वितीय आहात" असा संदेश पाठवते आणि त्याच वेळी दूध उतू जाते. धरमपेठकरीण ताई, कूलरला यंदा वाळ्याच्या ताट्या लावल्या का वुडवूलच्या?

धरमपेठकरीण

वाळ्याच्याच लावल्या, वास चांगला येतो.

समुपदेशक सरांचे उत्तर मी दोनदा वाचले. मग त्याच जुन्या वहीत बाराव्या दिवसाचे पान काढून तीन रकाने आखले. मागच्या रविवारी सासरच्या एका बारशात कोणीतरी विचारले, "तू काय करतेस?" आणि मी म्हणाले, "काही नाही, घरीच असते." पहिल्या रकान्यात लिहिले : "माझे काम सांगण्यासारखे नाही." दुसऱ्यात लिहिले : "असलेल्या गोष्टीला शून्य किंमत देणे." तिसरा रकाना कालपासून तसाच रिकामा आहे.

फोनची भीती

ताई, घरी असता म्हणजे नेमके काय करता?

धरमपेठकरीण

सातवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सध्या चौदा मुले आहेत.

फोनची भीती

मग तिसऱ्या रकान्यात हेच दोन वाक्यांत लिहा. विशेषणे नकोत.

धरमपेठकरीण

लिहिले. लाल पेन सापडले नाही, म्हणून निळ्यानेच लिहिले.