डिप्लोमा झालेल्या मुलाला मायक्रोमीटर वाचता येत नाही, याचं काय करायचं?

क्वालिटीवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीत एका मध्यम कारखान्यात क्वालिटी बघतो. आम्ही गिअरबॉक्सचे शाफ्ट आणि बुश करतो. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डिप्लोमा मेकॅनिकलची नवी मुलं ट्रेनी म्हणून येतात. त्यांना लाइन इन्स्पेक्शनला बसवायच्या आधी प्रत्येकाचा हात मी स्वतः बघतो. अलीकडे जे दिसतंय ते सहन होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

परवाचंच सांगतो. मुलगा चुणचुणीत, मार्कशीटवर ८० च्या वर टक्के. त्याला ०-२५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घ्यायचं साधन, दिला आणि २० मिलिमीटरचा शाफ्ट. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच ९, म्हणजे वरचं माप २०.०००, खालचं १९.९४८. त्यानं रॅचेटला, म्हणजे दाब पुरेसा झाला की घसरणाऱ्या टोकाच्या बटणाला, हात न लावता थिंबलच, म्हणजे फिरणारी नळीच, आवळली. मी दाखवलं, त्यानं लगेच सुधारलं. मग रीडिंग घेतलं, १९.४८. आतल्या स्थिर नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली होती, ती त्यानं धरलीच नाही. नवख्याकडून असं होतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नंतर त्यानं ड्रॉइंगकडे पाहिलं, १९.४८ खोडलं आणि १९.९८ लिहिलं. शाफ्ट परत हातात घेतला नाही. आकडा बरोबर होता, पण तो मोजून आलेला नव्हता.

मी रिजेक्शनच्या लाल ट्रेमधला १९.९१ चा एक पीस, काही न सांगता, त्याच्यापुढे ठेवला. रिपोर्टवर उतरलं १९.९७.

"असं का लिहिलंस?" विचारलं तर म्हणाला, "सर, ऑब्झर्व्हेशन टेबलमध्ये जे यायला पाहिजे तेच लिहायचं असतं. वेगळं आलं तर जर्नलवर सही मिळत नाही."

माझा त्याच्यावर विश्वास आहे. तो लबाड नाही, तीन वर्षं जे शिकवलं तेच त्यानं माझ्या टेबलावर केलं. आणि कारखान्यांत तरी वेगळं काय चालतं? मी आधी जिथे होतो तिथे दर तासाचं इन्स्पेक्शन शीट शिफ्ट सुटताना एकाच पेनानं, एका बैठकीत भरलं जायचं. ऑडिट जवळ आलं की मागच्या महिन्याचे कोरे कागद काढून ते 'पूर्ण' केले जायचे. कॉलेजात लागलेली सवय इथे आल्यावर मोडत नाही, उलट इथे तिला पगार मिळतो. दर्जा घसरला म्हणतो तेव्हा मला हेच म्हणायचं असतं. मुलांची बुद्धी कमी झालेली नाही. कागद भरणं आणि काम करणं यांत फरक आहे, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

तर विचारायचं ते हे: तुमच्याकडे अशा मुलांना कसं घडवता? आणि शिकवणारी मंडळी इथे असतील तर त्यांनी लॅबमध्ये नक्की काय होतं ते मोकळेपणानं सांगावं. दोष द्यायचा म्हणून विचारत नाही.

---

तासिका_तत्त्व

साहेब, मी पॉलिटेक्निकला मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचा विषय, शिकवतो, तासिका तत्त्वावर. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टीत शून्य.

तुमचा मुलगा खोटं बोलला नाही. एका बॅचला २० मुलं आणि चालू स्थितीतले मायक्रोमीटर चार. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हजेरी, थिअरी, आकृती झाली की एका मुलाच्या हातात मायक्रोमीटर जेमतेम पाच-सात मिनिटं येतो. बाकीचे शेजाऱ्याचं रीडिंग उतरवतात. २०१७ च्या 'आय स्कीम' अभ्यासक्रमापासून तंत्रशिक्षण मंडळाची छापील लॅब मॅन्युअल आली. कल्पना चांगली होती, खाली प्रश्न असतात, निरीक्षणाचे तक्ते असतात. पण मागच्या वर्षीचं भरलेलं मॅन्युअल सीनियरकडून पीडीएफमध्ये मिळतं. मायक्रोप्रोजेक्टचंही तसंच. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार स्पायरल बाइंडिंग मिळतं, फक्त नाव बदलायचं.

मग नापास का करत नाही, असं तुम्ही विचाराल. एका वर्षी मी सहा मुलांचं टर्मवर्क, म्हणजे सत्रातल्या प्रॅक्टिकलच्या कामावरची सही, अडवलं होतं. मला बोलावून सांगितलं गेलं की निकाल खाली गेला तर पुढच्या वर्षी ॲडमिशन येणार नाहीत, ॲडमिशन नाहीत तर तुमचे तास नाहीत. शिक्षकामागे विद्यार्थी किती, याचं प्रमाण एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, २०१८ मध्ये सैल केलं, डिप्लोमाला २० चं २५ झालं. जिथे आधीच माणसं कमी, तिथे आणखी कमी लागू लागली. मी सही करतो. प्रत्येक सहीला मनाला लागतं, पण करतो.

---

लातूरचा_मेकॅनिकल

दादा, मी २०२१ ला डिप्लोमा झालेला. आमच्या बॅचचं नाव काढलं की एचआरवाले हसायचे, "कोरोना बॅच" म्हणायचे. लेथ मशीन आम्ही यूट्यूबवर बघितली. सहा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंगही बऱ्याच जणांचं कागदावरच झालं, कारण कंपनीच्या गेटवर कुणी उभं करत नव्हतं.

पण एक विचारू का? राग मानू नका. चाकणला पहिल्या कंपनीत मला पहिल्याच दिवशी लाइनवर उभं केलं. कुणी शिकवलं नाही. शेजारचा ऑपरेटर म्हणाला, "हे बघ, हिरव्यात काटा आला की ओके टाक." सात महिन्यांनी ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं, आणि परत नव्या नावानं ट्रेनी म्हणून घेतलं. तीन वर्षांत मी तीनदा ट्रेनी झालो. खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे दोन-तीन हजार यात पगार संपायचा. ज्या माणसाला माहीत आहे की सात महिन्यांनी आपण इथे नसणार, तो शाफ्ट दुसऱ्यांदा कशाला मोजेल?

मी शिकलो ते तिसऱ्या ठिकाणी. तिथल्या इन्स्पेक्टर ताई प्रत्येक पीस माझ्याकडून मोजून घ्यायच्या, मग स्वतः मोजायच्या आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायच्या. बोलायच्या काही नाहीत. पंधरा दिवसांत आकडे जुळायला लागले.

---

क्वालिटीवाला_भोसरी

लातूरकर, राग कसला, तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्यात मुलाला शिकवणं ही मालकाची जबाबदारी धरलेली आहे. २०१९ च्या नियमांत डिप्लोमा अप्रेंटिसला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. कंपन्यांनी ते किमान तेवढं लक्षात ठेवलं आणि शिकवणं विसरल्या.

तासिका सर, तुमचं वाचून वाईट वाटलं. चार मायक्रोमीटर हा आकडा मी आमच्या मॅनेजमेंटला दाखवणार आहे.

---

दहावी_ब

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हे सगळं तुमच्याकडे पोचायच्या बरंच आधी सुरू होतं.

दहावीचे निकाल आठवून बघा. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. केवढा गहजब झाला! गुण परत आले, २०२० ला निकाल ९५.३०. एका वर्षात मुलं बिघडली नव्हती आणि पुढच्या वर्षात सुधारलीही नव्हती. ते २० गुण आम्ही, मी धरून, बहुतेकांना १८-१९ च्या घरात देतो. तोंडी परीक्षेत मुलाला उभं करून एक परिच्छेद वाचून घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात, वर्गात ६५ मुलं आहेत, आणि त्याच आठवड्यात कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची असते. हजेरी, पोषण आहार, आधार, फोटो अपलोड. माझाही निम्मा दिवस रकाने भरण्यातच जातो.

माझ्या वर्गात विज्ञानाच्या प्रयोगवहीत लोलकाच्या दोलनकालाचे आकडे सगळ्यांचे सारखे असायचे. या वर्षी मी एकच बदल केला. प्रत्येक गटाला दोऱ्याची लांबी वेगळी दिली आणि कुठल्या गटाला किती ते फक्त माझ्या वहीत ठेवलं. कॉपी करून काही हाती लागेना. पहिल्या दिवशी वर्गात रडारड झाली. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी येऊन म्हणाली, "बाई, आमचं चुकतंय, पण का चुकतंय ते सापडलं, आम्ही दोरा गाठीपर्यंतच मोजत होतो, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही." त्या वाक्यासाठी मी पूर्ण गुण दिले.

---

जुना_टूलरूमवाला

आमच्या वेळचं फार गोड करून सांगायचं नाही. १९८४ ला मी आयटीआय फिटर केलं तेव्हा गावातून एक-दोघांनाच जागा मिळायची, बाकीचे शेतात नाहीतर मुंबईला. तेव्हाही कॉपी होती, तेव्हाही मास्तर खुर्चीत झोपायचे.

पण फाइलिंगचा जॉब स्वतःच करावा लागायचा, कारण तो दुसऱ्याचा आणून देता येत नव्हता. लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायचा, ट्राय स्क्वेअर लावून उजेडात धरायचा. फटीतून उजेड आला की परत व्हाइसवर. मास्तर मार्क देत नव्हते, उजेड दाखवायचे. हाताला फोड यायचे. त्यात जे शिकलो ते पुढे पिंपरीला टूलरूममध्ये बत्तीस वर्षं पुरलं.

भोसरीकर, तुम्हाला कामाची गोष्ट सांगतो. गेज आर अँड आर, म्हणजे तेच पीस वेगवेगळ्या माणसांनी परत परत मोजून मोजण्यातच किती फरक येतो ते बघणं, तुम्ही करतच असाल, १० पीस, ३ माणसं, प्रत्येकी दोन-तीन फेऱ्या. बहुतेक ठिकाणी तो ऑडिटपुरता करतात आणि फरक १० टक्क्यांच्या आत बसवून ठेवतात. तुम्ही तो नव्या मुलांवर खरा करा. पिसांवरचे नंबर झाका, फेरीगणिक क्रम बदला, आधीचा कागद काढून घ्या. तीस टक्क्यांच्या वर आला तर येऊ दे, तो कागद मुलालाच दाखवा. मार्कांपेक्षा त्याला ते जास्त कळतं. आणि हो, सुरुवातीला ड्रॉइंग देऊच नका. काय यायला पाहिजे हे माहीत नसलं की माणूस मुकाट्यानं मोजतो.

---

क्वालिटीवाला_भोसरी

काका, ड्रॉइंग न देण्याची कल्पना मी सोमवारपासून लावतोय. पहिला महिना ट्रेनीच्या हातात फक्त पीस, मायक्रोमीटर आणि कोरा कागद. लाल ट्रेमधले पीस मधेमधे मिसळलेले असतील आणि हे त्यांना आधीच सांगितलेलं असेल. आपल्याला फसवताहेत असं त्यांना वाटायला नको. जो "सर, हा बाहेर जातोय" म्हणेल त्याचं नाव बोर्डावर. पाठवायच्या लॉटवर त्या महिन्यात ट्रेनीची सही नाही, हे प्लँट हेडकडून लेखी घेतलंय. लातूरकरच्या ताईंसारखे दोन आकडे शेजारीशेजारी लिहायचं काम आमच्या सगळ्यात अनुभवी इन्स्पेक्टरकडे दिलंय. त्यासाठी त्यांच्या लाइनवरचा एक तास कमी केला, प्रॉडक्शनवाल्यांनी कुरकुर केली तरी.

आणखी एक. आमच्याकडे कॅलिब्रेशनमध्ये बाद झालेले मायक्रोमीटर आणि व्हर्निअर कपाटात पडून आहेत. ॲन्व्हिल, म्हणजे पीस टेकतो ती तोंडं, थोडी झिजलीत, काहींचा झीरो सरकलाय, म्हणजे बंद केल्यावरही शून्य दाखवत नाहीत. कामाला वापरता येणार नाहीत, पण रीडिंग शिकायला आणि झीरो एरर म्हणजे काय ते समजायला एकदम योग्य. मॅनेजमेंटनं ते द्यायला होकार दिलाय, फक्त कॉलेजचं लेटरहेडवर पत्र हवं. तासिका सर, पहिला हक्क तुमचा. आणखी कुणाच्या पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला लागत असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भोसरीहून न्यायची सोय मात्र तुम्हालाच करावी लागेल.