स्टीव्ह क्लार्क : बचावपटूचा सावधपणा स्कॉटलंडला तारक की मारक?

चर्चाप्रस्ताव
मे २०१९ मध्ये स्टीव्ह क्लार्क प्रशिक्षक झाले, तेव्हा स्कॉटलंडचा पुरुष फुटबॉल संघ १९९८ नंतर एकाही मोठ्या स्पर्धेत उतरला नव्हता. त्यांनी दोन युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) आणि २०२६ चा विश्वचषक अशा तीन स्पर्धांची पात्रता मिळवून दिली, हे ऋण मला मान्य आहे. तरीही दोन्ही युरोंमधील सहा सामन्यांत एकही विजय मिळाला नाही, याचे कारण त्यांच्या बचावपटूच्या पिंडात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४ मध्ये स्टुटगार्टला हंगेरीविरुद्ध विजय आवश्यक असताना संघ चेंडू आडवा खेळवत राहिला. अखेर शंभराव्या मिनिटाला आपल्याच कॉर्नरनंतर झालेल्या प्रतिहल्ल्यात गोल खाऊन बाहेर पडला. जिंकायचेच असताना ताक फुंकून पिण्यात काय अर्थ होता?

प्रतिसाद १
पूर्णपणे असहमत. ज्याला आपण पिंड म्हणता, ती मेहनतीने कमावलेली विद्या आहे. स्कॉटलंडच्या सेंट मिरन क्लबमधून १९८७ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबला गेलेला हा उजवा बचावपटू तेथे चारशेहून अधिक सामने खेळला, पण देशाकडून जेमतेम सहा. चेल्सीसाठीचा त्यांचा शेवटचा सामना म्हणजे १९९८ चा कप विनर्स कप या युरोपीय क्लब स्पर्धेचा अंतिम सामना, आणि तो चेल्सीने जिंकला. पुढे चेल्सीचे प्रशिक्षक मोरिन्यो यांचे ते सहायक असताना चेल्सीने २००४-०५ च्या लीगमध्ये ३८ सामन्यांत केवळ १५ गोल स्वीकारले. स्कॉटिश लीगमध्ये तळाला गेलेल्या किल्मारनॉक क्लबला त्यांनी २०१८-१९ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर नेले, तेही अशाच शिस्तीच्या बळावर.

स्कॉटलंडकडे रॉबर्टसन आणि टिअर्नी हे दोन उत्तम खेळाडू एकाच जागेचे, म्हणजे डाव्या बचावफळीचे होते. क्लार्क यांनी मागे तिघांची फळी उभारून टिअर्नीला त्यात डावीकडे घेतले आणि रॉबर्टसनला त्याच्या पुढे, रेषेलगत मोकळे सोडले. एकाला बाकावर बसवणे कितीतरी सोपे होते. ही मांडणी करणाऱ्याला केवळ भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर
किल्मारनॉकचा मुद्दा मान्य. परंतु क्लबला दर आठवड्याला सामना असतो, चूक सुधारायला अवधी मिळतो. युरोच्या गटात तीनच सामने असतात. शिवाय मार्च २०२५ मध्ये हॅम्पडन या घरच्या मैदानावर ग्रीसने स्कॉटलंडला ३-० असे हरवले, तेव्हा ती शिस्त कोठे गेली होती?

प्रतिसाद २
ग्रीसविरुद्धचा खेळ वाईटच होता, त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्याच मैदानावरचा १८ नोव्हेंबर २०२५ चा डेन्मार्कविरुद्धचा विश्वचषक पात्रतेचा सामना आपण विसरता. तिसऱ्याच मिनिटाला मॅकटॉमिनेने गोलकडे पाठ असताना हवेत उलटी उडी घेऊन गोल केला. पुढे डेन्मार्कने बरोबरी साधली, मग त्यांचा एक खेळाडू बाद झाला, तरी शँकलँडच्या गोलनंतर त्यांनी पुन्हा बरोबरी साधली. भरपाई वेळेत बदली खेळाडू टिअर्नीने दुरून डाव्या पायाने गोल केला आणि शेवटी केनी मॅकलीनने डेन्मार्कचा गोलरक्षक श्मायकल पुढे आल्याचे पाहून थेट मध्यरेषेजवळून चेंडू जाळीत धाडला. ४-२. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते आणि मी आवाज न करता रडत होतो. शँकलँड, टिअर्नी आणि मॅकलीन, तिघेही बाकावरून आलेले. त्यांना मैदानात उतरवणारे क्लार्कच होते.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर
तो सामना मीही पाहिला. त्या रात्री संघ जसा मोकळा खेळला, तसा हंगेरीविरुद्ध का खेळला नाही, हेच तर मी विचारतो आहे.