नांदेडला आलेल्या पाहुण्याला गुरुद्वाऱ्यानंतर कुठं न्यायचं? माझं मत : आधी नदीवर

गोदाकाठचा
परवा आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं की सचखंड गुरुद्वारा सोडला तर नांदेडात बघण्यासारखं काही नाही, पाहुणे आले की सरळ माहूरला नाहीतर सहस्रकुंडच्या धबधब्याला घेऊन जायचं. हे मला अजिबात पटलं नाही म्हणून धागा काढला. अरे आपलं अख्खं गाव गोदावरीच्या काठावर बसलंय! नंदगिरी किल्ल्याला तिन्ही बाजूंनी नदी आहे, पण आपल्याच शहरातल्या किती पोरांनी तो आतून बघितलाय? आणि गुरुद्वाऱ्यांची नावं घ्या, नगीनाघाट, हिराघाट, बंदाघाट, सगळं नदीशी जोडलेलं. परंपरेत सांगतात की बादशहा बहादूरशहानं दिलेला हिरा गुरु गोविंदसिंगजींनी गोदावरीत टाकला, तो हिराघाट. माधोदास बैरागी याच काठावर राहायचा, १७०८ ला गुरुजींची भेट झाली आणि तोच पुढं बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात लढला, दोन वर्षांत सरहिंद घेतलं. एवढी मोठी गोष्ट ज्या काठावर घडली तिथं पाहुण्याला शांतपणे अर्धा तास बसता येईल अशी जागा आपण का करत नाही? पैसा असेल तर आधी घाटावर आणि किल्ल्यावर लागला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

देगलूरकर
भाऊ, तुमची तळमळ कळते पण साफ असहमत. सगळं नांदेड शहरातच का? २००८ ला गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीच्या वेळी शहराला केवढा निधी आला, रस्ते झाले, पूल झाले, चांगलंच झालं की. पण जिल्हा म्हणजे काय फक्त वजिराबाद आणि शिवाजीनगर का? आमच्या देगलूरजवळच्या होट्टलला या एकदा. चालुक्यांच्या काळातली मंदिरं आहेत, सिद्धेश्वराच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांच्या मूर्ती, बघा, एकेकीच्या अंगावरचे दागिने दगडात असे कोरलेत की माणूस तिथून हलत नाही. महोत्सव असतो तेव्हा मोठी माणसं येतात, भाषणं होतात, आणि बाकी वर्षभर तिथं कोण यायलंय? नीट माहिती सांगणारा एक माणूस ठेवला तरी लै फरक पडेल.

वजिराबादी
गोदाकाठचा, एप्रिलमध्ये नदीवर गेलात का कधी? वर विष्णुपुरीच्या धरणात पाणी अडवलेलं असतंय, खाली शहराजवळ उरतं ते नाल्याचं पाणी आणि जलपर्णी. पाहुण्याला तिथं बसवून काय दाखवायचं? आधी नाले बंद करा मग पर्यटनाचं बोला.

गोदाकाठचा
वजिराबादी, तेच तर म्हणायलोय मी! नदी घाण झाली म्हणून पाहुण्याला तिकडं नेऊच नका असं म्हटलं की ती साफ करायची गरजच कोणाला वाटत नाही. लोक काठावर यायला लागले की नाल्याचा वास सगळ्यांना येईल आणि मग तक्रारही जोरात होईल. आणि विष्णुपुरीचं म्हणाल तर पावसाळ्यात दरवाजे उघडले की अर्धं नांदेड पाणी बघायला पळतं, म्हणजे नदीची ओढ आपल्या लोकांना आहेच ना. जवळच काळेश्वराचं मंदिर आहे, संध्याकाळी तिथून जलाशय बघा.

माहूरची लेक
दादा, माहूरला नाहीतर सहस्रकुंडला हे असं नाक मुरडून लिहू नका. रेणुकामाता साडेतीन पीठांतलं एक पूर्ण पीठ आहे, दत्तशिखर आहे, अनसूयामाता आहे, वर रामगड किल्ला आणि खाली पांडवलेणी. आमच्याकडं लोक नांदेडचं उरलंसुरलं बघायला येत नाहीत, आईसाठी येतात. सहस्रकुंडसुद्धा पैनगंगेला पाणी असताना बघा, दगडातून इतक्या धारा फुटतात की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तुमचा घाट करा, खुशाल करा, पण आमच्या रस्त्याचे आणि सोयीचे पैसे कापून नको.

ऑटोवाला
मी स्टेशनवर गाडी चालवतो म्हणून सांगतो. पंजाबहून येणारी सवारी ही काय पिकनिकला आलेली नसती. ती येती माथा टेकायला, लंगर घेती, मग मालटेकडी, संगतसाहेब, हिराघाट असे गुरुद्वारे करती, आणि एक दिवस हमखास बिदरला नानकझिरा गुरुद्वारा. त्यांना किल्ला दाखवतो म्हटलं तर दहातले नऊ नको म्हणतात. श्रद्धेनं आलेल्या माणसाला तुम्ही जबरदस्तीनं टुरिस्ट करायलेत असं वाटतंय मला.

देगलूरकर
ऑटोवाले मामा, लाखमोलाचं बोललात पण माझ्याच बाजूचं बोललात! बिदरची गाडी देगलूरवरून नेली तर होट्टल वाटेजवळच आहे. तासभर थांबली तरी बस. त्यासाठी नवीन काही बांधायचं नाही, फक्त गाडीवाल्यांना सांगायचं आणि तिथं प्यायचं पाणी, स्वच्छ बाथरूम ठेवायचं.

कंधारचा शिक्षक
होट्टल चाललं तर कंधार का नको? राष्ट्रकूटांच्या काळातला भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव, आणि क्षेत्रपालाच्या, म्हणजे राखणदार देवाच्या, अवाढव्य मूर्तीचे अवशेष, नुसता पाय बघितला तरी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज येतो. नांदेडपासून पन्नासेक किलोमीटर. मुलांना घेऊन गेलो की पोरं खंदकाच्या काठावरून उठत नाहीत. पंजाबच्या पाहुण्याचं सोडा हो, आधी आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली इकडं आणा, त्या सगळ्या वेरूळला आणि कोकणात जायलेत. वेरूळ बघूच नये असं नाही, पण पोराला घराजवळचे राष्ट्रकूट आधी माहीत पाहिजेत.

गोदाकाठचा
सर, सहलीचं एकदम मान्य. पण ऑटोवाले मामांशी माझं भांडण राहणारच. हिराघाटला माथा टेकून आलेल्या माणसाला ज्या पाण्यात हिरा पडला म्हणतात ते पाणी दाखवणं याला जबरदस्ती कशी म्हणता? ती त्याच्याच श्रद्धेची जागा आहे. पाणी काळं दिसलं तर लाज आपल्याला वाटली पाहिजे.

ऑटोवाला
हे मात्र खरं. पाण्यापर्यंत उतरायला नीट पायऱ्या आणि उजेड करा, मी प्रत्येक सवारीला नेतो. किल्ल्याचं काय ते तुम्ही बघा.

वजिराबादी
आणि नाले?