क्रूझ जहाजाचं सांडपाणी: सोसायटीच्या एसटीपीचे आडाखे चालतील का?

गाळमित्र:
सोसायट्यांचे एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) डिझाइन करतो. आता ३००० माणसांच्या प्रवासी जहाजाच्या प्लांटचे आकडे तपासायला आलेत. मार्ग एका हंगामात बाल्टिक, दुसऱ्यात अलास्का. माणशी किती लिटर धरायचे? १२ सागरी मैलांपलीकडे काहीही सोडता येतं, हे खरं का? आणि मार्पोलच्या (जहाजांच्या प्रदूषणावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट ४ मध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या भागात, ग्रे वॉटरची (शॉवर, स्वयंपाकघर, लाँड्रीचं पाणी) मर्यादा सापडत नाही. माझ्या नजरेतून सुटली की मुळात नाहीच?

खालचा_डेक:
सोसायटीला धरतात तो माणशी रोज १३५ लिटरचा आकडा बाजूला ठेवा. अमेरिकेच्या ईपीएच्या (पर्यावरण संस्था) २००८ च्या अहवालातली सरासरी अशी: ब्लॅक वॉटर (शौचालयाचं पाणी) माणशी रोज सुमारे ३२ लिटर, ग्रे वॉटर सुमारे २५० लिटर. म्हणजे तुमच्या जहाजावर अंदाजे ९६ आणि ७५० घनमीटर. व्हॅक्यूम टॉयलेट एका फ्लशला लिटर-सव्वा लिटरच घेतं, म्हणून ब्लॅक वॉटर कमी पण प्रचंड दाट. माणशी १२ ग्रॅम नायट्रोजन धरलात तर लिटरला पावणेचारशे मिलिग्रॅम. सोसायटीच्या इनलेटला हे कधी दिसायचं नाही.

१२ मैलांबद्दल. विशेष क्षेत्राबाहेर (बाल्टिक हे विशेष क्षेत्र आहे) प्रक्रिया न केलेलं मैलापाणी १२ मैलांपलीकडे सोडता येतं, पण एकदम नाही. जहाज किमान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने चालू हवं आणि दर ठरलेला हवा:

कमाल दर (घनमीटर/तास) = ०.००९२६ × वेग (नॉट) × ड्राफ्ट (पाण्याखालची खोली, मी.) × रुंदी (मी.)

ड्राफ्ट ८, रुंदी ३२, वेग १५ असेल तर साडेपस्तीस. ४ नॉटला जेमतेम साडेनऊ. त्यामुळे नांगरावर किंवा धक्क्याला लागलेलं जहाज टाकी रिकामी करूच शकत नाही. दळून, निर्जंतुक केलेलं पाणी ३ मैलांपलीकडे चालतं आणि मान्यताप्राप्त प्लांटचं कुठेही, मात्र पाण्यावर तरंगता मैला किंवा रंग दिसता कामा नये. या परिशिष्टाखाली अरबी समुद्र विशेष क्षेत्र नाही, त्यामुळे मुंबई-गोवा फेरीलाही एवढेच नियम.

नियमावली_वाचक:
ग्रे वॉटर तुमच्या नजरेतून सुटलेलं नाही, ते नियमातच नाही. 'सांडपाण्या'च्या व्याख्येत शौचालयं, दवाखान्यातली मोरी, जिवंत जनावरांची जागा आणि *त्यात मिसळलेलं* इतर पाणी एवढंच येतं. वेगळ्या पाइपने गेलेलं शॉवर, गॅली (जहाजाचं स्वयंपाकघर) आणि लाँड्रीचं पाणी बाहेरच राहतं. म्हणजे जे आठपट जास्त, त्यालाच नियम नाही!

बाल्टिकमधली मर्यादा नीट वाचा (नव्या प्रवासी जहाजांना २०१९, जुन्यांना २०२१ पासून): नायट्रोजन लिटरला २० मिलिग्रॅम *किंवा* ७० टक्के घट, फॉस्फरस १ मिलिग्रॅम *किंवा* ८० टक्के घट. वर दिलेल्या पावणेचारशेतून ७० टक्के काढले तरी शंभरावर उरतात, आणि तेही नियमात बसतं. माझं मत: दोन्ही पाणी एकत्र घेऊन २० चं लक्ष्य ठेवा.

अलास्का जास्त कडक. तिथे ग्रे वॉटरही कायद्यात येतं. किनाऱ्यापासून एका मैलाच्या आत किंवा ६ नॉटपेक्षा हळू असताना सोडायचं तर ३० दिवसांची फीकल कोलिफॉर्मची (विष्ठेतले जिवाणू) भूमितीय सरासरी १०० मिलिलिटरला २० च्या आत लागते. उरलेलं क्लोरीन लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) मर्यादेच्या पन्नासाव्या हिश्शाइतकं. म्हणून निर्जंतुकीकरणाला क्लोरीनऐवजी यूव्हीच (अतिनील किरण) घ्या.

आणखी एक पळवाट: टाइप मंजुरीची (प्लांटच्या मॉडेलला मिळणारी मान्यता) चाचणी किमान १० दिवस आणि ४० नमुन्यांची. पुढे जहाजावर नमुने तपासत राहण्याची सक्ती परिशिष्ट ४ मध्ये नाही. मालकाकडून मासिक चाचणी करारातच लिहून घ्या.

खालचा_डेक:
आता बिघडतं कुठे ते. गॅलीचं पाणी ग्रीस ट्रॅप न लावता एमबीआरला (मेम्ब्रेनने गाळणारा जैविक प्लांट) दिलंत तर मेम्ब्रेन लवकर तुंबतं. चरबी जास्त असेल तर एमबीबीआर (तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी टाकी) आणि डीएएफ (हवेच्या बुडबुड्यांनी चरबी वर आणणारी टाकी) बरं. हाउसकीपिंगचं ब्लीच जिवाणू मारतं, पण दोष येतो प्लांटच्या माथी. जहाजाचं पाणी बाष्पित्राचं नाहीतर आरओचं, अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची क्षमता) अगदी कमी. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रिफिकेशनला (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. डीनायट्रिफिकेशनमध्ये (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होणं) निम्मी परत मिळते. अ‍ॅनॉक्सिक (विरघळलेला ऑक्सिजन नसलेल्या) टाकीकडे रिसर्क्युलेशन ठेवा, खायच्या सोड्याच्या डोसिंगची सोयही. नाहीतर पीएच साडेसहाखाली जाऊन प्लांट मंदावतो.

गाळमित्र:
आभार, बरंच स्पष्ट झालं. बाल्टिकमध्ये सगळं बंदरातच उतरवलं तर?

नियमावली_वाचक:
चालतं, आणि बऱ्याच जहाजांना सोपंही पडतं. पण टाकीत दोन-तीन दिवस हवेशिवाय पडून राहिलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि शहराच्या काँक्रीट गटारांना खातो, म्हणून बंदरं कुरकुरतात. टाकीत एअरेशन द्या. बंदराच्या लाइनची क्षमता तासाला किती घनमीटर हे आधी विचारून तुमच्या पंपाशी आणि धक्क्यावरच्या तासांशी ताळा घाला. ८५० घनमीटर आठ तासांत उतरवायचे तर तासाला १०६ लागतात.