कावागुचिकोच्या काठी ऱ्योकानमध्ये एक रात्र: शाकाहारी कुटुंबाने दोन जेवणांसह खोली घ्यावी का?

नीरक्षीर

जपानची सहल आखताना आपल्याकडील अनेक कुटुंबे टोकियो आणि क्योटो यांच्यामध्ये फुजी पर्वताजवळ एक मुक्काम बसवतात. तो बहुधा यामानाशी प्रांतातील कावागुचिको सरोवराच्या काठी, एखाद्या ऱ्योकानमध्ये, म्हणजे जुन्या वळणाच्या जपानी सरायीत असतो. तातामी चटयांची जमीन, अंगात युकाता हा सुती झगा, गरम झऱ्याच्या पाण्याचे स्नान आणि खिडकीत फुजी, हे वर्णन आता सर्वांना पाठ झाले आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की, जे कुटुंब मासे खात नाही त्याने हा मुक्काम दोन्ही जेवणांसह घेणे म्हणजे पानात जे नको आहे त्याचेच पैसे मोजणे होय.

ऱ्योकानचा दर सहसा खोलीमागे नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते. माणशी २५,००० येन हा तिथे अवाजवी दर मानला जात नाही. चौघांचे एक लाख येन झाले, शिवाय माणशी साधारण १५० येन स्नानकर वेगळा. या रकमेतला बराच वाटा काइसेकीचा, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लहान लहान पदार्थांच्या रात्रीच्या जेवणाचा असतो. त्यातली कच्ची मासळी आणि भाजलेला मासा ओळखून बाजूला ठेवता येतो, पण खरी अडचण दाशीची आहे. धुरी देऊन, सुकवून लाकडासारख्या टणक केलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे आणि कोंबू हे समुद्री शेवाळ यांचा हा अर्क मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपमध्ये असतो, शिजवलेल्या भोपळ्यात असतो, वाफवलेल्या अंड्याच्या वाटीत असतो आणि भाज्यांच्या तेंपुराबरोबर, म्हणजे जपानी भज्यांबरोबर, येणाऱ्या पातळ रसातही असतो. पान हिरवेगार दिसले तरी निर्धास्तपणे खाण्याजोगा उरतो तो पांढरा भात आणि लोणचे, आणि कधीकधी त्या लोणच्यावरही तेच पापुद्रे भुरभुरलेले असतात. टोकियोतल्या शिन्जुकुहून बसने दोन तासांच्या आत कावागुचिको गाठता येते. सकाळी जावे, फिरावे आणि संध्याकाळी परतावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पायवाट

असहमत. मी नोकरीनिमित्त टोकियोत राहतो आणि माझे आईवडील पूर्ण शाकाहारी आहेत. दाशीविषयी धागाकर्त्यांनी लिहिलेले शब्दशः बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ऱ्योकानचे स्वयंपाकघर त्या रात्रीची पाने मोजून सामान आणते. कोकणातल्या घरगुती मुक्कामात यजमान आदल्या दिवशी फोन करून "उद्या पाने किती, त्यात शाकाहारी किती" असे विचारतात, त्यातलाच हा प्रकार आहे. त्यामुळे ऐनवेळी बदल होत नाही, पण आगाऊ कळवले तर पुष्कळ काही होते. नुसते "शाकाहारी" असे कळवून भागत नाही, कारण मग मासा निघतो आणि दाशी राहते. मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही, कोंबूची व सुकवलेल्या शिताके अळंबीची दाशी चालते, अंडी व दूध यांचे असे असे आहे, हे सारे आरक्षणाच्या वेळीच जपानीतून लिहावे लागते. काही सरायी सरळ नकार देतात. तो नकार प्रामाणिक समजावा आणि दुसरी सराय शोधावी.

राहिली एका दिवसाच्या फेरीची गोष्ट. ऱ्योकानची खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते आणि सकाळी दहाच्या सुमारास सोडावी लागते; पैसे मोजायचे ते नेमक्या या मधल्या तासांचे. दिवसा येणारा माणूस पोहोचेपर्यंत फुजी ढगात गेलेला असण्याची शक्यता बरीच असते, उन्हाळ्यात तर फारच. तो बहुधा पहाटे आणि सकाळी लवकर उघडा असतो. दिवसभराच्या गर्दीचे म्हणाल, तर एका लॉसन दुकानामागे दिसणाऱ्या फुजीचे छायाचित्र घेण्यासाठी इतकी झुंबड उडू लागली की मे २०२४ मध्ये गावाने रस्त्याकडेला अडीच मीटर उंच काळी जाळी उभारली. ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे ती काढली ती पुन्हा लावली नाही, हे खरे. पण गाव कशाने त्रासले आहे ते कळायला तेवढे पुरे.

चिंचपान

मधला मार्ग आहे: जेवणाविना नुसती खोली घ्यावी, बऱ्याच सरायी तशी देतात. मात्र उत्तर काठावर संध्याकाळी उघडी असणारी खाण्याची ठिकाणे मोजकीच, आणि तिथला ‘होतो’ नावाचा प्रसिद्ध पदार्थ, म्हणजे भोपळा घातलेल्या जाड शेवयांचा मिसोतला रस्सा, हाही परंपरेने सुक्या छोट्या माशांच्या अर्कावरच शिजतो. दशम्या आणि चटणी बरोबर नेणार असाल तर आधी विचारा. बाहेरचे अन्न खोलीत खाल्लेले अनेक ठिकाणी चालत नाही.

नीरक्षीर

पायवाट यांनी सांगितलेली चिठ्ठी उपयोगी आहे, पण तिने माझा आक्षेप दूर होत नाही. पानातून मासा काढला म्हणून दर बहुधा कमी होत नाही. शिवाय शाकाहारी माणसाला जपानी पद्धतीच्या मुक्कामाचीच हौस असेल, तर कोयासान पर्वतावरील मठांमध्ये राहता येते. तिथे पन्नासच्या आसपास मठ पाहुण्यांना ठेवून घेतात आणि शोजिन ऱ्योरी हे भिक्षूंचे जेवण मुळातच मांसमच्छीविना, कोंबू व अळंबीच्या दाशीवर केलेले असते. जिथे स्वयंपाकघर आपल्याला सांभाळून घेत नाही, तर आपल्यासारख्यांसाठीच चालते, तिथे पैसे द्यावेत.

घाटमाथा

कोयासानला सरोवर नाही आणि फुजीही नाही, तेव्हा तो पर्याय कसा होतो हे कळले नाही. या संपूर्ण चर्चेत सर्वजण पानाभोवतीच फिरत आहेत. मी आणि माझ्या सासूबाई अशा मुक्कामाला गेलो तेव्हा त्यांना जेवण बेताचेच आवडले, पण स्नानासाठी त्या रात्री गेल्या आणि पहाटे पुन्हा गेल्या. आपल्या बायकांना तिथे अडचण वाटते ती विवस्त्र होण्याची, कारण पोहण्याचा पोशाख चालत नाही. परंतु बायकांचे स्नानगृह वेगळे असते, आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचे असते, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नसतो आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. तरीही संकोच असेल तर अनेक सरायींत कुटुंबापुरते लहान स्नानगृह पाऊणएक तासासाठी भाड्याने मिळते. आपण जेवून परत येईपर्यंत खोलीतले बुटके मेज बाजूला सारून फुतोन अंथरलेले असतात. घरात आयुष्यभर इतरांची अंथरुणे घालणाऱ्या बाईला त्याचे काय वाटते, ते दरपत्रकात लिहिलेले नसते.

एक सूचना मात्र करते. फुजी सरोवराच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे पाणी आणि पर्वत एका नजरेत हवे असतील तर सराय उत्तर काठावर घ्यावी. स्थानकाजवळच्या दक्षिण काठावर सरोवराकडे तोंड केलेली खोली मिळाली की फुजी पाठीमागे जातो, आणि जाहिरातीत "सरोवरदर्शन" एवढेच लिहिलेले असते.

पायवाट

घाटमाथा यांच्याशी सहमत. नीरक्षीर यांना एकच विचारतो: दर कमी होत नाही हे मान्य, पण कोंबूची दाशी वेगळी काढून चार पानांसाठी स्वतंत्र सूप, स्वतंत्र भाजी आणि स्वतंत्र रस करणाऱ्या आचाऱ्याला आपण कमी पैसे का द्यावेत?

नीरक्षीर

हा प्रश्न रास्त आहे. इतके सगळे वेगळे केले जात असेल तर पूर्ण दर देण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती होकार न घेता केवळ छायाचित्रे पाहून खोली ठरवण्याला. ज्यांना जायचेच आहे त्यांनी आधी लेखी उत्तर मागवावे आणि ते येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल अशीच खोली धरून ठेवावी, कारण दिवस जवळ आला की रद्द करण्याचे शुल्कही माणशीच लागते.