कोरियन लेखिकांची नाटकं सपाट, की इंग्रजीत सपाट झालेली?

तिसरी घंटा
काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं: कोरियन लेखिकांची नाटकं इंग्रजीतून वाचली, सगळी घरगुती आणि सपाट, आपल्याकडे रूपांतर करण्यात अर्थ नाही. दाखला कुणाचा, तर यंग जीन ली यांचा. त्या अमेरिकेत वाढल्या आणि इंग्रजीतच लिहितात. तिथे भाषांतराचा संबंधच येत नाही.

आता सपाटपणाचं. कोण कुणाचा मान राखून बोलतंय हे कोरियनमध्ये क्रियापदाच्या शेवटावरून कळतं. 'दांगशिन' हे नवरा-बायकोत आपुलकीचं. भांडणात अनोळखी माणसाला तेच म्हटलं की बाचाबाची. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. समजा, दोन अंक मान राखून बोलणाऱ्या सुनेनं सासूशी बोलताना वाक्याच्या शेवटचा आदराचा 'यो' गाळला. ती एकेरीवर आली, नाटक तिथे उलटलं. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. फार तर तळटीप असते, आणि तळटीप नटाला बोलता येत नाही.

प्रॉम्प्टर
हे पुरुष नाटककारांनाही लागू आहे. लेखिकांचं वेगळं काय? आणि कोरियन न येणाऱ्यानं हातावर हात ठेवून बसायचं का?

तिसरी घंटा
लागू आहे, मान्य. पण घरात एकेरी कोण आणि आदरार्थी कोण, हा सत्तेचाच हिशेब आहे. कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावाखाली सगळ्यांची नोंद करणारी होजू पद्धत दक्षिण कोरियाच्या संवैधानिक न्यायालयानं २००५ मध्ये संविधानाशी विसंगत ठरवली. ती संपली १ जानेवारी २००८ ला. तोवर बाईची जागा सरकारी नोंदवहीतच खालची होती. त्याला 'घरगुती' म्हणून बाजूला सारायचं?

काम असं करा. मूळ संहिता मिळवा. हांगुल, म्हणजे कोरियन लिपीची अक्षरं आठवडाभरात ओळखू येतात. प्रत्येक संवादाचा शेवट पाहा: 'यो' किंवा 'निदा' असेल तर आदरार्थी, नसेल तर बहुतेक वेळा एकेरी. समासात पेन्सिलीनं 'तू', 'तुम्ही' लिहीत चला. एकाच जोडीत खूण बदलली की तिथे थांबा आणि कोरियन जाणणाऱ्याला विचारा.

विंगेतली
फक्त 'योबो'चं 'अहो' करू नका, हात जोडते. 'योबो' नवरा आणि बायको दोघंही एकमेकांना म्हणतात. 'अहो' एकीकडून, 'अगं' दुसरीकडून केलंत, तर लेखिकेनं न घातलेली उतरंड तुम्ही घातलीत.

याहून मोठा घोळ लिंगाचा. कोरियनमध्ये कर्ता गाळतात, क्रियापदाला लिंग नाही. मंचावर न आलेल्या प्रियकराबद्दल, की प्रेयसीबद्दल, हे न कळू देता अख्खा प्रवेश बोलता येतं. इंग्रजीला बहुतेक वेळा 'ही' (he) किंवा 'शी' (she) निवडावं लागतं.

प्रॉम्प्टर
आणि मराठीत 'आला', 'आली'! आपण तर इंग्रजीहून वाईट अडकतो. 'ती व्यक्ती' म्हटलं की पोलिसी पंचनामा वाटतो.

विंगेतली
अडकत नाही! 'काल येऊन चहा घेतला, कप धुऊन ठेवला.' सांगा, बाई की पुरुष? भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कर्ता गाळला की झालं. 'उद्या येणार आहे' यातही काही कळत नाही. इंग्रजीला न जमणारं आपल्याला जमतं आणि आपण इंग्रजीच्या मागे फरफटत जातो, याचा मला संताप येतो.

प्रॉम्प्टर
नाटक बसवताय की व्याकरणाचा तास घेताय? 'गेली', 'रडली', 'बसली' कशी लपवणार? सलग तीस वाक्यं अशी वळवलीत तर नट अडखळेल, प्रेक्षकाला कृत्रिमपणा पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

विंगेतली
'रडली'ऐवजी 'डोळ्यांत पाणी आलं'. 'गेली'ऐवजी 'दार ओढून घेतलं'. 'बसली' खरंच अवघड आहे.

प्रॉम्प्टर
'दार ओढून घेतलं' चांगलं आहे, 'गेली'पेक्षाही. एवढं मानतो. पण तीस वाक्यांचं म्हणणं सोडत नाही. मोठ्यानं वाचून बघा.

तिसरी घंटा
वाचूच. नाही जमलं तर 'तो' की 'ती' हे मूळ संहितेशी ताडून, दिग्दर्शकाशी बोलून ठरवा. इंग्रजीत 'ही' दिसला म्हणून 'तो' लिहू नका. तो शब्द लेखिकेनं लिहिलेलाच नाही.